घड्याळाचे आकडे कोणाचे? अ‍ॅस्ट्रोलेब विरुद्ध ओल्सन आणि एगर्ट

३० सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल न्यायालयात कॉपीराइटभंगाचा एक दावा दाखल झाला. वादी होती अ‍ॅस्ट्रोलेब नावाची कंपनी, धंदा ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकण्याचा. प्रतिवादी दोघे जण. आर्थर डेव्हिड ओल्सन अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नोकरीला होते, तर पॉल एगर्ट लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. हे दोघे वर्षानुवर्षं जगभरच्या घड्याळांच्या वेळांचा एक डेटाबेस सांभाळत होते. तो कोणीही फुकट उतरवून घ्यावा, वापरावा, बदलावा अशी मुभा होती, आणि तो लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत आणि जावापासून पीएचपीपर्यंत सगळीकडे पोचलेला होता.

कंपनीचं म्हणणं असं की या डेटाबेसमधल्या जुन्या वेळा आमच्या अ‍ॅटलासमधून, म्हणजे गावोगावच्या जुन्या वेळांच्या संदर्भग्रंथातून, उचलल्या आहेत. आणि गंमत म्हणजे त्या उचललेल्या होत्याच. खुद्द फाइलींमध्ये तसं लिहिलेलं होतं, पुस्तकाच्या आवृत्तीसकट.

'आम्ही घेतलंच नाही' हा बचाव इथे नव्हताच, आणि त्यामुळेच हे प्रकरण अभ्यासाला फार सोयीचं आहे. बहुतेक कॉपीराइटचे खटले 'घेतलं की नाही' याच चिखलात रुततात. इथे थेट पुढचा प्रश्न समोर होता. घेतलं खरं, पण जे घेतलं त्यावर कोणाची मालकी असू शकते का?

फाइलीत असतं काय

या संग्रहाला 'टीझेड डेटाबेस' म्हणतात. जुनी मंडळी 'ओल्सन डेटाबेस' म्हणतात, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तो 'झोनइन्फो' या नावाने माहीत असतो. १९८०च्या दशकात तो सुरू झाला. आफ्रिका, आशिया, युरोप, उत्तर अमेरिका अशा नावांच्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. त्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या ओळी. 'झोन'ची ओळ सांगते की अमुक ठिकाणचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे किंवा मागे होतं आणि कधीपर्यंत. 'रूल'ची ओळ सांगते की उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे कधी करायचं. अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळेच्या तारखा बदलल्या. त्यासाठीच्या एका ओळीचा अर्थ एवढाच: २००७ पासून पुढे, मार्चमध्ये ८ तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार, रात्री २ वाजता, घड्याळ १ तास पुढे. बस्स. पुण्यात बसून न्यूयॉर्कच्या लोकांशी रोज मीटिंग करणाऱ्याला संध्याकाळचे साडेसहा हिवाळ्यात साडेसात होतात, आणि कॅलेंडरला ते न सांगता कळतं, त्यामागे ही ओळ असते.

तिसरी गोष्ट म्हणजे टिपा. फाइलीतला मोठा भाग आकड्यांचा नसून टिपांचाच आहे. अमुक देशाच्या सरकारने किती घाईत घड्याळ बदललं, कोणत्या वर्तमानपत्रात काय छापून आलं, कोणाचं पत्र आलं, दोन स्रोतांत फरक पडला तेव्हा एगर्टनी कोणाचं ग्राह्य धरलं आणि का. आशियाच्या फाइलीत भारताबद्दलची टीप वाचण्यासारखी आहे. १९०६च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळेला विरोध म्हणून मुंबईतले हजारो गिरणी कामगार रस्त्यावर आले होते, तो प्रसंग तिथे एका इंग्रजी लेखाच्या हवाल्याने नोंदवलेला आहे. संगणकाला त्या टिपेचा काडीइतका उपयोग नाही. ती माणसांसाठी आहे.

हे तीन थर पुढे लागणार आहेत: आकडे, त्यांची मांडणी आणि टिपा.

पत्रिकेवाल्यांना जुनी वेळ का लागते

ज्योतिषाची कंपनी टाइमझोनच्या भांडणात कशी आली, हे अमेरिकन वाचकाला समजावून सांगावं लागलं असेल. मराठी वाचकाला नाही. १९५०च्या आधी मुंबईत जन्मलेल्या कोणाची पत्रिका करायला गेलं की जाणकार गुरुजी पहिला प्रश्न विचारतात: ही वेळ मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम? मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तरी मुंबई टाइम शहरात पुढची जवळजवळ ५० वर्षं टिकून होता. त्यात दुसऱ्या महायुद्धात देशभरची घड्याळं तासभर पुढे केली होती, ती १९४५च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली. पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, साधारण चार मिनिटांना एक अंश सरकतं, म्हणजे ३९ मिनिटांची चूक ही दहा अंशांच्या आसपासची चूक. राशीच्या कडेला असेल तर लग्नच बदललं.

ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, ही गरज खरी आहे, आणि ती भागवायला जगातल्या गावोगावच्या जुन्या वेळांचा इतिहास गोळा करावा लागतो. संगणकवाल्यांच्या आधी हे काम पाश्चात्त्य ज्योतिषांनी केलं. टॉमस शँक्स यांनी अमेरिकेसाठी एक आणि उरलेल्या जगासाठी एक अशी दोन जाडजूड संदर्भपुस्तकं तयार केली. सॅन दिएगोच्या एसीएस या ज्योतिषविषयक प्रकाशनसंस्थेने ती छापली. पुढच्या आवृत्त्यांत पॉटेंगर हे सहसंपादक आले. याच संग्रहाची सॉफ्टवेअरमधली आवृत्ती, 'एसीएस अ‍ॅटलास', हिचे हक्क नंतर अ‍ॅस्ट्रोलेबकडे आले.

एगर्टनी १९७०च्या आधीच्या नोंदी भरताना याच पुस्तकांचा भरपूर आधार घेतला. इतकं व्यापक दुसरं काही उपलब्ध नव्हतं. आणि त्यांनी ते लपवलं नाही. अनेक फाइलींच्या सुरुवातीला शँक्स यांच्या पुस्तकाचं नाव, आवृत्ती, साल दिलेलं आहे. त्यापुढे एक शेराही आहे: दुर्दैवाने या पुस्तकात पुष्कळ चुका आहेत आणि ते आपले स्रोत सांगत नाही. हा प्रामाणिकपणा दाव्यात वादीच्या हातातला पुरावा झाला. श्रेय न देता निमूटपणे आकडे भरले असते तर अ‍ॅस्ट्रोलेबला साम्य शोधून काढायलाच घाम फुटला असता.

आठ दिवस

६ ऑक्टोबर २०११ला ओल्सननी डेटाबेसचा सर्व्हर बंद केला आणि चर्चेची ईमेल-टपालयादीही बंद होत असल्याचं कळवलं. निरोप चार ओळींचा होता: दावा झाला आहे, मी प्रतिवादी आहे, सर्व्हर बंद केला आहे. निकाल तर दूरच, सुनावणीही झालेली नव्हती. नुसत्या कागदाने काम थांबलं.

यात ओल्सनना दोष देण्यात अर्थ नाही. दावा त्यांच्या संस्थेवर नव्हता, विद्यापीठावर नव्हता. दोन माणसांवर वैयक्तिक होता. अमेरिकेत कॉपीराइटच्या खटल्यात वकिलाची फी हीच अर्धी शिक्षा असते. बाजू कितीही भक्कम असली तरी ती मांडायला पैसे लागतात, आणि फुकट डेटाबेस सांभाळणाऱ्याने ते कुठून आणायचे?

आकाश मात्र कोसळलं नाही. प्रती जगभर पसरलेल्या होत्या. ज्याच्याकडे जी होती ती चालू राहिली. अडचण पुढच्या बदलांची होती. देश आपापली घड्याळं बदलायचे थांबत नाहीत, आणि ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबर हा उत्तर गोलार्धात घड्याळं मागे घेण्याचा हंगाम. नवी नोंद करायची कोणी आणि कुठे? मधल्या काळात जुन्या सहभागी मंडळींपैकी काहींनी आपल्या यंत्रावर सोय केली. १४ ऑक्टोबरला आयकॅन या संस्थेने जाहीर केलं की इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणारा तिचा आयाना विभाग यापुढे हा डेटाबेस ठेवील. हे काही रातोरात सुचलं नव्हतं. ओल्सननंतर काय, या विचाराने हस्तांतरणाची तयारी आधीच चालू होती आणि नियमांचा मसुदा तयार होत होता. दाव्याने घाई केली इतकंच. तो मसुदा फेब्रुवारी २०१२मध्ये 'आरएफसी ६५५७' या इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला आणि एगर्ट समन्वयक झाले.

टेलिफोन डिरेक्टरीचा निकाल

आता कायदा. अ‍ॅस्ट्रोलेबच्या दाव्याच्या वीस वर्षं आधी, २७ मार्च १९९१ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'फाइस्ट विरुद्ध रूरल' हा निकाल दिला होता. माझ्या मते या प्रकरणाचं उत्तर जवळजवळ सगळंच त्यात आहे.

रूरल ही कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातली टेलिफोन सेवा. आपल्या ग्राहकांची नावं, गावं, नंबर असलेली डिरेक्टरी ती छापत असे. सुमारे ७,७०० नोंदी. फाइस्ट ही प्रकाशन कंपनी. तिला ११ सेवाक्षेत्रांची मिळून एक मोठी डिरेक्टरी काढायची होती. बाकी दहा कंपन्यांनी पैसे घेऊन यादी दिली, रूरलने नकार दिला. फाइस्टने ती न विचारता वापरली. फाइस्टच्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ रूरलच्या नोंदींशी हुबेहूब जुळल्या. त्यांत चार नोंदी तर अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकांच्या होत्या. नक्कल पकडायला रूरलने मुद्दाम पेरलेल्या.

म्हणजे चोर मुद्देमालासकट सापडला होता. तरी फाइस्ट जिंकली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: तथ्य कोणी निर्माण करत नाही, शोधतो, म्हणून तथ्यावर कॉपीराइट नाही. तथ्यांच्या संकलनावर मिळू शकतो, पण निवड आणि मांडणी यांत किमान थोडी सर्जनशीलता असेल तर, आणि मिळाला तरी तेवढ्याच निवडीवर नि मांडणीवर. आतली तथ्यं मोकळीच राहतात. गावातल्या सगळ्या ग्राहकांची वर्णानुक्रमे यादी ही इतकी सरधोपट गोष्ट आहे की तिच्यात सर्जनशीलता कणभरही नाही. गोळा करायला किती घाम गाळला, याला कॉपीराइटच्या दारात किंमत नाही. तोपर्यंत काही न्यायालयं 'घामाचं मोल' म्हणून संरक्षण देत असत. ते या निकालाने बंद झालं.

हा निकाल घाम गाळणाऱ्यावर अन्याय करतो, असं पहिल्यांदा वाचताना वाटतं. शँक्सचंच घ्या. गावोगावच्या वेळांचा इतिहास जमवायला त्यांना किती पत्रं, किती गॅझेटं, किती रेल्वेची वेळापत्रकं धुंडाळावी लागली असतील. पण उलटी बाजू बघा. १९४५च्या ऑक्टोबरात भारताने घड्याळ मागे घेतलं हे वाक्य कोणाच्या तरी मालकीचं झालं, तर त्या दिवशीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला परवानगी मागत फिरावं लागेल. आणि पहिल्यांदा छापणाऱ्याने तरी ते कुठून आणलं? सरकारी हुकुमातून.

आता आपले तीन थर यावर घासून बघू.

आकडे ही तर सरळसरळ तथ्यं: अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी घड्याळ इतकं बदललं. शँक्सच्या पुस्तकातून यापलीकडे काही घेतलेलं नव्हतं. मांडणी घेतलेली नव्हती, कारण ती ओल्सन मंडळींची स्वतःची आहे. झोन आणि रूल यांचं व्याकरण शँक्सच्या तक्त्यांत नाही. शिवाय निवडही वेगळी. अ‍ॅटलास गावागणिक चालतं. टीझेड डेटाबेसचा दंडक असा की १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली, त्या सगळ्या गावांचं एकच क्षेत्र. १९७० हे साल युनिक्स या संगणकप्रणालीच्या कालगणनेच्या सुरुवातीवरून आलेलं. याचा परिणाम म्हणून अख्ख्या भारताला एकच क्षेत्र आहे, कोलकात्याच्या नावाचं, आणि मुंबईच्या ३९ मिनिटांना त्यात जागा नाही. ज्योतिषाला नेमकं जे हवं ते या डेटाबेसमध्ये नाहीच! अ‍ॅस्ट्रोलेबचा ग्राहक इकडे वळेल ही भीती कितपत खरी होती, याची मला शंका आहे.

सर्जनशील म्हणावं असं जे काही या फाइलींमध्ये आहे ते तिसऱ्या थरात, म्हणजे टिपांत. आणि त्या एगर्ट आणि पत्रं पाठवणाऱ्यांच्या आहेत, शँक्सच्या नव्हेत.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने दोघांचं वकीलपत्र घेतलं. जानेवारी २०१२मध्ये तिने अ‍ॅस्ट्रोलेबला कळवलं की दावा मागे घेतला नाही तर निराधार दावा केल्याबद्दल आम्ही न्यायालयाकडे दंडात्मक कारवाई मागू. अमेरिकन दिवाणी प्रक्रियेतला नियम ११ यासाठीच आहे. समोरच्याला आधी सूचना द्यायची, माघार घ्यायला २१ दिवस द्यायचे, मग न्यायालयापुढे जायचं. अर्ज न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस अ‍ॅस्ट्रोलेबने दावा मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही. दावा कायद्याच्या सदोष समजुतीवर उभा होता, ऐतिहासिक तथ्यं कोणाचीच मालमत्ता नसतात हे आता आम्हाला पटलं आहे, आणि स्वयंसेवकांना झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, असं जाहीर निवेदन दिलं. पुन्हा दावा लावणार नाही असं वचनही दिलं.

छान झालं, पण न्यायालयाचा निवाडा झाला नाही. टाइमझोनच्या फाइलीवर कॉपीराइट नाही असं कोणत्याही न्यायाधीशाने लिहून ठेवलेलं नाही. हे वचन एका कंपनीचं आहे.

अंदाजाचं काय?

इथपर्यंतचा भाग सोपा होता. आता जिथे मला स्वतःला दोन्ही बाजूंनी ओढ जाणवते तिथे येऊ.

शँक्सच्या पुस्तकात चुका आहेत, आणि स्रोत दिलेले नाहीत. अनेक ठिकाणी पुरावा न मिळाल्यामुळे तर्काने तारीख घातली असावी असा संशय टीझेडच्या संपादकांना येतो. मग ती तारीख तथ्य आहे का? घडलंच नाही ते 'शोधलं' कसं म्हणायचं? जे शोधलं नाही ते निर्माण केलं, आणि निर्माण केलेल्यावर कॉपीराइट लागतो, असा युक्तिवाद एखादा हुशार वकील करू शकतो.

तो अगदीच हवेतला नाही. १९९४मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे एका फेडरल अपील न्यायालयाने, जुन्या गाड्यांच्या किमतींच्या एका प्रसिद्ध सूचीला संरक्षण दिलं. त्या किमती बाजारात प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांची सरासरी नव्हत्या. अमुक मॉडेल, अमुक किलोमीटर चाललेलं, अमुक भागात पुढच्या काही आठवड्यांत किती मोलाचं असेल याचा तो संपादकांचा अंदाज होता. न्यायालय म्हणालं, हा निर्णयबुद्धीचा वापर आहे, यात मौलिकता आहे. पुढे १९९९मध्ये नवव्या सर्किटने जुन्या नाण्यांच्या घाऊक किमतींबद्दल तेच म्हटलं. म्हणजे एक आकडासुद्धा सर्जनशील असू शकतो. मग शँक्सचा अंदाज का नाही?

माझं उत्तर असं. गाडीची किंमत छापणारा संपादक वाचकाला सांगतो की हा माझा अंदाज आहे, आणि वाचक तो अंदाज म्हणूनच विकत घेतो. शँक्सने तारखा अंदाज म्हणून विकल्या नाहीत. इतिहास म्हणून विकल्या. स्वतः एखादी गोष्ट खरी घडली म्हणून छापायची आणि दुसऱ्याने ती खरी मानून वापरली की 'अहो, ती तर माझी कल्पना होती' म्हणायचं, हे चालणार नाही. अमेरिकन न्यायालयांत हा विचार जुना आहे. नवव्या सर्किटने २०२०मध्ये एका आत्मचरित्राच्या खटल्यात तो पुन्हा नीट मांडला: लेखकाने खरं म्हणून सांगितलेलं न्यायालयही खरं म्हणूनच धरील, मग ते प्रत्यक्षात खरं असो वा नसो. आणि अ‍ॅस्ट्रोलेबची पंचाईत बघा. तारखा काल्पनिक आहेत असं न्यायालयात म्हणायचं, तर ज्यांच्या पत्रिका त्या तारखांवर मांडल्या त्या ग्राहकांना काय सांगणार?

रूरलने पेरलेल्या चार खोट्या ग्राहकांचंही तेच. सापळा नक्कल सिद्ध करतो, मालकी नाही.

प्रत्यक्षात टीझेडवाल्यांनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर कायद्याचं नाही, संपादनाचं आहे. शँक्सच्या नोंदी हळूहळू मूळ कागदपत्रांवरून तपासून बदलल्या जात आहेत. हाँगकाँगच्या जुन्या नोंदी तिथल्या वेधशाळेच्या तक्त्यांवरून सुधारल्या. जिथे खात्री नाही तिथे टिपेत तसं लिहिलेलं असतं.

युरोपात आणि भारतात

हाच दावा दुसऱ्या देशात लागला असता तर?

युरोपीय संघाने १९९६च्या डेटाबेस निर्देशाने एक वेगळाच हक्क निर्माण केला. सर्जनशीलता नसली तरी चालेल; डेटा मिळवण्यात, तपासण्यात किंवा मांडण्यात भरीव गुंतवणूक हवी. मग मोठा हिस्सा उचलायला १५ वर्षं मनाई. म्हणजे घामाचं मोल मागच्या दाराने परत आलं. या हक्काचा लाभ फक्त तिथल्या रहिवाशांना आणि तिथे स्थापन झालेल्या कंपन्यांना मिळतो, त्यामुळे अ‍ॅस्ट्रोलेबला तो मिळालाच नसता. पण तेच अ‍ॅटलास म्युनिकच्या एखाद्या प्रकाशकाने अलीकडे काढलेलं असतं, तर खटला इतक्या झटपट गुंडाळला गेला नसता.

भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम २(ओ)मध्ये साहित्यकृतीच्या व्याख्येत तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस यांची नावं घेऊन नोंद आहे. ती वाचून अनेकांना वाटतं की डेटाबेस म्हटला की कॉपीराइट आलाच. तसं नाही, कलम १३नुसार कृती मौलिक असावी लागते. १९९५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या ग्राहकांच्या यादीला श्रम आणि खर्चाच्या जोरावर संरक्षण दिलं होतं. मग १२ डिसेंबर २००७ला सर्वोच्च न्यायालयाचा 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' हा निकाल आला. लखनौच्या प्रकाशकाने आपल्या नियतकालिकात छापलेले, व्याकरण-विरामचिन्हं सुधारलेले न्यायनिवाडे दुसऱ्यांनी सीडीवर घेतले होते. न्यायालयाने मधली वाट धरली. नुसता घाम पुरेसा नाही, पण मोठी प्रतिभाही नको; कौशल्य आणि निर्णयबुद्धी हवी, किमान सर्जनशीलता हवी. त्यानुसार टंकदोष सुधारणं, संदर्भ पूर्ण करणं यावर हक्क नाकारला. मात्र निवाड्याचे परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, आणि कोणता न्यायाधीश सहमत, कोणता असहमत हे सांगणाऱ्या संपादकीय खुणा, यांवर दिला.

हा निकाल टीझेडला लावला तर आकडे मोकळे राहतील. पण झोनची विभागणी, खंड आणि सर्वांत मोठं शहर घेऊन नाव द्यायची पद्धत, परस्परविरोधी स्रोतांतून एक निवडण्याचा निर्णय, यांत परिच्छेद पाडण्याइतकी निर्णयबुद्धी नक्कीच आहे. म्हणजे भारतात एगर्टना कदाचित अमेरिकेपेक्षा थोडा जास्त कॉपीराइट मिळाला असता. त्यांना तो नको होता, हा भाग वेगळा.

लायसन्सच्या ओळीचं काय करायचं

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची सवय अशी की प्रकल्पाच्या मुळाशी एक लायसन्सची फाइल टाकायची आणि आतल्या सगळ्यावर ते लागू झालं म्हणायचं. प्रोग्रामच्या बाबतीत ते ठीक. पण जीपीएलसारखं, बदलही खुले ठेवायला लावणारं लायसन्स हे कॉपीराइटच्या खुंटीला टांगलेलं असतं. पिनकोडची यादी, चलनांची चिन्हं, मूलद्रव्यांचे अणुभार, टाइमझोनचे आकडे अशा फाइलींवर बऱ्याचदा ती खुंटीच नसते. तिथे 'बदल केलात तर तेही याच अटींवर खुले करा' ही अट कोणी पाळली नाही, तर तक्रार कोणत्या हक्काखाली करणार? अट घालणाऱ्याला वाटतं आपण खुलेपणाचं रक्षण करतोय. प्रत्यक्षात तो अ‍ॅस्ट्रोलेबचाच दावा सौम्य आवाजात करत असतो, की ही तथ्यं माझी आहेत.

ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी बनवलेला खुला नकाशा. त्याच्या मंडळींना ही अडचण फार लवकर कळली. रस्ता कुठे आहे हे तथ्य. त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं कॉपीराइटवर बेतलेलं लायसन्स कितपत टिकेल याची त्यांना शंका होती. मोठी भांडणं होऊन १२ सप्टेंबर २०१२ला त्यांनी डेटाबेससाठी खास लिहिलेलं ओडीबीएल हे लायसन्स घेतलं. ते कॉपीराइट, युरोपातला डेटाबेसचा हक्क आणि करार अशा तिन्हींवर एकदम टेकतं, म्हणजे एक निसटलं तरी दुसरं सापडावं. विकिपीडियाच्या परिवारातल्या विकिडेटा या तथ्यसंग्रहाने उलट टोक गाठलं: सीसी-झिरो, काहीच हक्क नाही.

टीझेडच्या फाइलींवर तर 'ही फाइल सार्वजनिक मालकीची आहे' एवढीच ओळ आहे, २००९च्या मे महिन्यात ओल्सननी स्पष्ट केल्याच्या तारखेसह. आरएफसी ६५५७मध्येही योगदानाबाबत तेच धोरण आहे. बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीचं लायसन्स आहे ते फक्त मोजक्या प्रोग्राम-फाइलींना, कारण तो कोड तिथून आलेला आहे. मला ही विभागणी आवडते. जिथे हक्क आहे तिथे तो सांगितला, जिथे नाही तिथे असल्याचा आव आणला नाही, आणि टिपांसारखा जो भाग मधला, त्यावरचा हक्क सोडून दिला.

मराठी शुद्धलेखन तपासनीसासाठी कोणी शब्दयादी करायला बसलं, तर त्याला हेच घासून बघावं लागेल. उपलब्ध मजकुरातून प्रोग्रामने उपसलेले सगळे शब्द वर्णानुक्रमे लावले, तर ती कॅन्ससची डिरेक्टरी झाली. पण कोणती रूपं प्रमाण मानायची, बोलीतले कोणते शब्द घ्यायचे, एकाच शब्दाच्या दोन लेखनांतलं कोणतं गाळायचं, असा एकेका शब्दावर कोणी विचार केला असेल, तर मोडक निकालाची कसोटी लागू पडते आणि यादीतल्या निवडीवर हक्क उभा राहू शकतो. फाइल दिसायला दोन्ही वेळा सारखीच: एका ओळीवर एक शब्द. फरक आत नाही, ती कशी तयार झाली त्यात आहे, आणि तो सिद्ध करायचा तर टीझेडच्या संपादकांसारख्या टिपा जागच्या जागी लिहून ठेवलेल्या हव्यात.